उताऱ्यातील शब्द आणि पूर्णेकाठची भाषा

मराठीत ‘उतारा’ या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात शेतकरी कुटुंबातील मुलाच्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडतो तो बहुधा सातबाऱ्याच्या निमित्ताने, म्हणजे मूळ नोंदवहीवरून उतरवून घेतलेली नक्कल या अर्थाने; घरात कोणाला विंचू चावला तर विष उतरवणारे औषध या अर्थानेही तो ऐकू येतो; आणि पाचवीच्या वर्गात पोहोचेपर्यंत त्याच मुलासमोर तिसरा अर्थ उभा राहतो, तो म्हणजे एखाद्या मोठ्या लेखनातून उतरवून घेतलेला किंवा परीक्षेसाठी मुद्दाम रचलेला छोटा मजकूर, ज्याच्याखाली चार-चार पर्यायांचे प्रश्न छापलेले असतात. तिन्ही अर्थांच्या मुळाशी ‘उतरणे’ ही एकच क्रिया आहे, आणि हे ज्याच्या ध्यानात येते त्याला तीन निरनिराळे अर्थ पाठ करण्याचे कारण उरत नाही, एकच शब्द तीन ठिकाणी ओळखता आला की पुरते. प्रवेश परीक्षेच्या तयारीत शब्दसंपत्ती कशी वाढवावी, या प्रश्नाचे मर्म पाठांतर आणि ओळख यांच्यातील या अंतरात आहे.

ग्रामीण मराठवाड्यातील मुलाला सर्वांत लवकर भेटणारी अशी परीक्षा म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी होय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी जोडल्या गेलेल्या या निवासी विद्यालयांपैकी पहिली दोन हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे १९८५-८६ मध्ये सुरू झाली. पूर्णा-अकोला लोहमार्गावरील वसमत येथेही असे एक विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या या चाचणीत किमान ७५ टक्के जागा जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी राखलेल्या असतात, आणि सध्याच्या रचनेनुसार दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, त्यांपैकी २० भाषेचे. हे वीसही प्रश्न चार उताऱ्यांवर, प्रत्येकी पाच याप्रमाणे, विचारले जातात आणि त्यांसाठी अर्धा तास गृहीत धरलेला असतो, म्हणजेच एका उताऱ्याच्या वाचनाला व उत्तरांना मिळून साडेसात मिनिटे मिळतात. व्याकरणाच्या व्याख्या विचारल्या जात नाहीत, कविता पाठ असण्याचा उपयोग नसतो. उतारा समजला की नाही एवढेच पाहिले जाते. पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही प्रथम भाषेच्या भागात उताऱ्यावरील प्रश्न असतात, त्यांना समानार्थी, विरुद्धार्थी शब्दांची आणि वाक्प्रचारांची जोड असते.

जगभरच्या प्रवेश परीक्षांचा कल गेल्या दोन दशकांत याच दिशेने वळलेला दिसतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा १९२६ मध्ये सुरू झाली आणि कित्येक दशके तिच्यात सुट्या शब्दांच्या जोड्यांवरचे प्रश्न असत. ते २००५ मध्ये वगळण्यात आले, आणि अवघड शब्द भरून वाक्य पूर्ण करण्याचे प्रश्न २०१६ मध्ये गेले. पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न बंद केले. भारतात विधी अभ्यासक्रमाची क्लॅट ही परीक्षा २०२० पासून जवळजवळ संपूर्णपणे उताऱ्यांवर बेतलेली आहे. शब्दांच्या याद्या घोकून आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा वाचनाची सवय असलेला विद्यार्थी शोधण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे, कारण पुढील शिक्षणात कोणीही शब्दांची यादी पुढे ठेवत नाही, पुढे येतात ती पुस्तके.

तरीही शब्द माहीत नसतील तर उतारा समजत नाही, हे सत्य बदलत नाही. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरवाचन आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय, असे मांडले. बेरजेऐवजी गुणाकार अशासाठी की दोहोंपैकी एक शून्य असेल तर सारेच शून्य होते. एखादे मूल उतारा खडाखडा मोठ्याने वाचते, पण प्रश्न विचारला की गप्प राहते, तेव्हा पहिला घटक भक्कम आणि दुसरा तोकडा असतो, आणि अशा मुलाला ‘आणखी वाच’ एवढेच सांगून भागत नाही. किती शब्द माहीत असावे लागतात, याचाही अभ्यास झालेला आहे: इंग्रजी शिकणाऱ्यांच्या पाहणीतून मजकुरातील ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे असल्याखेरीज समाधानकारक आकलन होत नाही, असे दिसले. शंभर शब्दांच्या उताऱ्यात दोन शब्द अनोळखी असले तर वाक्याच्या आधाराने त्यांचा अर्थ लावता येतो, पाच असले तर कष्ट पडतात, आणि दहा असले तर आधाराला उरलेले शब्दच अपुरे पडतात.

मराठीत या हिशेबाला एक पदर जास्तीचा आहे. नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याच्या रूपात जो बदल होतो त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, आणि या बदलात पुष्कळदा मूळ शब्दाचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. ‘पूर’ हा शब्द वाक्यात ‘पुराने’, ‘पुरात’, ‘पुरामुळे’ असा येतो. शब्दकोशात तो ‘पु’खाली शोधणाऱ्या मुलाला ‘पुरातन’ आणि ‘पुराण’ सापडते, पण ‘पूर’ सापडत नाही, कारण त्याची नोंद ‘पू’खाली असते. म्हणून उताऱ्यातील शब्दावरून त्याचे मूळ रूप काढणे हे कौशल्य मराठीत शब्दसंपत्तीचाच भाग मानले पाहिजे, आणि शाळेत सामान्यरूप शिकवताना ते शब्दकोश हातात देऊन शिकवले तर त्याचा उपयोग कितीतरी पटींनी वाढेल.

मूळ रूप हाती आले की त्याचे कुटुंब दिसू लागते. पूर्णा शहराला ज्या नदीचे नाव मिळाले आहे त्या नावाचेच उदाहरण घेता येईल. संस्कृतातून रूप न बदलता मराठीत आलेल्या शब्दांना तत्सम म्हणतात. पूर्ण, अपूर्ण, संपूर्ण, परिपूर्ण, पूर्तता, आपूर्ती, पौर्णिमा हे असे शब्द. जे संस्कृतातून आले पण वाटेत रूप बदलून आले त्यांना तद्भव म्हणतात. ‘भरणे’ या अर्थाच्या त्याच धातूपासून निघालेले पुरणे, पुरेसा, पुरवणे, पुरवठा आणि पुरवणी हे शब्द मराठी माणूस दिवसभर वापरतो, पण ते ‘पूर्ण’चे भाऊबंद आहेत हे त्याला सहसा जाणवत नाही. पात्र भरून वाहू लागले की तो पूर, पोळीत भरायचे ते पुरण, उत्तरपत्रिका भरली की परीक्षक वरून देतो ती पुरवणी, गणितातील अखंड संख्या तो पूर्णांक, वाक्य संपले की पूर्णविराम. ज्या मुलाने हे कुटुंब एकदा नीट पाहिले आहे त्याला उताऱ्यात ‘निकषांची पूर्तता न केल्याने’ असे शब्द आले तर अडखळण्याचे कारण नाही, कारण ‘पूर्तता’ पूर्वी कधी वाचली नसली तरी तिचा चेहरा घरातल्या माणसांसारखा आहे.

शब्दाच्या आधी जोडले जाणारे उपसर्गही असेच कामाला येतात. ‘हार’ या एकाच अंशाला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार असे परस्परांपासून दूरचे अर्थ तयार होतात, त्यांपैकी ‘विहार’ पूर्णा शहरातील मुलाला बुद्धविहारामुळे ठाऊक असतो आणि उताऱ्यातील ‘नौकाविहार’ मात्र त्याला नवा असतो. फारसीतून आलेले बे, ना, गैर, बद हे उपसर्ग तर मराठवाड्यात अधिकच ओळखीचे आहेत, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. गैरसोय, बेजबाबदार, नाराज, बदनाम या शब्दांतून नकाराचा अर्थ कोठून येतो हे दाखवले, की ‘गैरवाजवी’ किंवा ‘बेदखल’ यांचा अंदाज मूल स्वतःच बांधू शकते.

याहून नाजूक प्रश्न आहे तो घरची बोली आणि छापील मराठी यांच्यातील अंतराचा, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण मार्गदर्शक पुस्तकांत त्याची दखल क्वचितच घेतलेली असते. पूर्णेकाठच्या मुलाच्या घरी पौर्णिमेला ‘पुनव’ म्हणतात, यंदाला ‘औंदा’ म्हणतात, आईला ‘माय’ आणि शेताला ‘वावर’ म्हणतात. यांपैकी पहिले तीन शब्द उताऱ्यात भेटत नाहीत, त्यामुळे ते अडचणही करत नाहीत. चौथा मात्र भेटतो, आणि वेगळ्याच अर्थाने भेटतो. ‘या परिसरात बिबट्याचा वावर असल्याचे आढळून आले’ हे वाक्य वर्तमानपत्री मराठीत अगदी सामान्य आहे. येथे वावर म्हणजे हिंडणे-फिरणे, अस्तित्व. ज्या मुलाला वावर म्हणजे केवळ शेत एवढेच ठाऊक आहे ते मूल हे वाक्य वाचून बिबट्याच्या मालकीच्या शेताची कल्पना करणार नाही हे खरे, पण ते क्षणभर थबकेल, वाक्य पुन्हा वाचेल, आणि साडेसात मिनिटांतील तेवढा वेळ जाईल. आणि पर्यायांत ‘शेत’ हा शब्द दिलेला असेल तर त्याकडे त्याचा हात वळण्याची शक्यता पुष्कळ आहे. असे उत्तर चुकणाऱ्या मुलाचा शब्दसंग्रह शहरातील मुलाहून लहान नसतो. उलट त्याच्याजवळ एक अर्थ जास्तीचा असतो, फक्त दुसरा अर्थ अजून पोहोचलेला नसतो. अशा वेळी बोलीतील शब्द ‘अशुद्ध’ ठरवून पुसून टाकणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण त्याने मूल बोलायचेच थांबते, आणि जे मूल बोलत नाही त्याला कोणता शब्द येतो व कोणता येत नाही हे शिक्षकालाही कळत नाही. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून, पुनवेच्या बाजूला पौर्णिमा आणि वावराच्या बाजूला शेत, क्षेत्र, कृषिभूमी असे मांडले, तर घरचा शब्द नव्या शब्दाला धरून ठेवणारी खुंटी होतो. परभणीच्या मुलांना ‘कृषी’ हा शब्द तेथील कृषी विद्यापीठाच्या पाट्यांवरून तसाही दिसतच असतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाच्या नावाने जिल्ह्याला एक तत्सम शब्द रोजच्या वापरात मिळवून दिला आहे.

एकाच शब्दाचे अनेक अर्थ हा परीक्षकांचा आवडता विषय आहे, आणि त्याचे स्वरूप जवळून पाहण्यासाठी एक छोटा मजकूर पुरेसा आहे: ‘परतीच्या पावसाने धरण काठोकाठ भरल्यामुळे प्रशासनाने विसर्ग वाढवला. नदीचे पात्र रुंदावले आणि सखल भागातील कुटुंबांना तातडीने हलवण्यात आले. परिणामी वित्तहानी झाली, मात्र जीवितहानी टळली.’ यलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरील धरणे ज्यांच्या वरच्या अंगाला आहेत त्या गावांतील मुलांना यातील प्रसंग नवा नाही. तरीही येथे ‘विसर्ग’ म्हणजे धरणातून सोडलेले पाणी, आणि व्याकरणाच्या तासाला ‘विसर्ग’ म्हणजे ‘दुःख’ या शब्दातील दोन टिंबे; दोन्हीकडे मूळ अर्थ सोडणे हाच आहे, एकीकडे पाणी सोडले जाते तर दुसरीकडे श्वास. ‘पात्र’ या शब्दाचा पसारा तर आणखी मोठा आहे: नदी वाहते ते पात्र, पूजेचे भांडे ते पात्र, नाटकातील भूमिका ते पात्र आणि प्रवेशास योग्य ठरलेला विद्यार्थी तोही पात्र. जे काहीतरी धारण करते, सामावून घेते ते पात्र, असा धागा धरला तर हे चारही अर्थ एका ओळीत बसतात. ‘सखल’चा अर्थ कोणी सांगितला नाही तरी पुराच्या वेळी कोणत्या भागातील माणसे आधी हलवतात हे ज्याने पाहिले आहे त्याला तो कळतो, आणि वाक्यातील इतर शब्दांच्या आधारे अर्थ लावण्याची ही पद्धत, जिला संदर्भावरून अर्थनिर्णय म्हणता येईल, ती शिकवता येते: अनोळखी शब्द झाकायचा, त्या जागी आपल्या मनाने ओळखीचा शब्द घालायचा, आणि वाक्य पुढच्या वाक्याशी जुळते का ते पाहायचे. समानार्थी शब्दांच्या याद्यांची मर्यादाही याच कसोटीवर उघडी पडते. पाण्याला जल, नीर, तोय, उदक, सलिल, जीवन असे शब्द यादीत एका ओळीत छापलेले असतात, पण जलसिंचनाच्या जागी तोयसिंचन कोणी म्हणत नाही आणि पाणीपुरवठ्याला उदकपुरवठा म्हटले तर ऐकणारा चमकतो. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांसह शिकावा लागतो.

त्या मजकुरात आणखी एक शब्द आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि तो म्हणजे ‘मात्र’. पूर्णा हे लोहमार्गांचे जंक्शन आहे. मनमाड-नांदेड मार्गाला अकोल्याकडचा मार्ग येथे मिळतो. ज्या लॅटिन धातूपासून ‘जंक्शन’ आला त्यापासूनच इंग्रजी व्याकरणातील ‘कंजंक्शन’ आला, आणि त्याच प्राचीन मुळाचे संस्कृत रूप ‘योग’, ‘संयुक्त’ या शब्दांत व बैलाच्या मानेवरील ‘जू’ या मराठी शब्दात टिकून आहे. मराठीत कंजंक्शनला उभयान्वयी अव्यय म्हणतात, म्हणजे दोन शब्दांना किंवा वाक्यांना जोडणारा, रूप न बदलणारा शब्द. जंक्शनवर गाडी कोणत्या रुळावर जाणार हे सांध्यावर ठरते, तसे वाक्याची दिशा या शब्दांवर ठरते. ‘मात्र’, ‘तथापि’, ‘तरीही’ आले की विचार उलट बाजूला वळतो. ‘परिणामी’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ कारणाकडून कार्याकडे नेतात. ‘किंबहुना’ आधीचे विधान अधिक जोर देऊन पुढे ढकलतो. ‘अन्यथा’ एक अट सांगून जातो. वरच्या मजकुरावर ‘पुरात माणसे दगावली का’ असा प्रश्न आला तर उत्तर ‘मात्र’ आणि ‘टळली’ या दोन शब्दांत आहे, ‘हानी’ या शब्दावर नजर अडकलेले मूल चुकते. असे जोडशब्द संख्येने पंचवीस-तीसच असतील, पण ते प्रत्येक उताऱ्यात येतात, आणि अवघड तत्सम शब्दांची पाचशेची यादी पाठ करण्याआधी ते पक्के करणे कितीतरी फायद्याचे आहे. तीच गोष्ट प्रश्नांच्या भाषेची. ‘खालीलपैकी अयोग्य विधान कोणते’, ‘उताऱ्याशी सुसंगत नसलेला पर्याय’, ‘लेखकाचा आशय’, ‘निष्कर्ष’, ‘समर्पक शीर्षक’ हे शब्द उताऱ्यात नसून उताऱ्याखाली असतात, वर्षानुवर्षे तेच असतात, आणि तरीही उतारा पूर्ण समजलेली मुले ‘अयोग्य’मधील ‘अ’ न वाचल्यामुळे गुण गमावतात.

शब्दांच्या मागे विषयाचे ज्ञानही असावे लागते. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार मुले, वाचनात हुशार पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. धरणाच्या उताऱ्यावर पूर्णेकाठचे मूल असेच पुढे राहील, आणि दीपगृह, भरती-ओहोटी व गलबते असलेल्या उताऱ्यावर रत्नागिरीचे. परीक्षेत कोणता विषय येईल हे सांगता येत नसल्यामुळे वाचन नाना विषयांचे असावे लागते, आणि त्यासाठी मराठीत उत्तम साधने आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात; मराठी विश्वकोशातील नोंदीही तशाच खुल्या आहेत. सरावाच्या उताऱ्यांचे दहावे पुस्तक विकत घेण्यापेक्षा ‘किशोर’चे बारा अंक वाचलेले बरे, हे पालकांना पटवणे अवघड जाते, कारण सरावाच्या पुस्तकात गुण मोजता येतात आणि मासिकात येत नाहीत, पण शब्द रुजतात ते मासिकात, कारण तेथे ते पुनःपुन्हा, नव्या सोबत्यांसह भेटतात.

पुन्हा भेटणे महत्त्वाचे का, याचे उत्तर हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दिले होते. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती काळात विसरले जातात हे स्वतःवरच मोजले, आणि विस्मरण सुरुवातीला फार वेगाने व नंतर मंदावत होते, तसेच एका बैठकीत घोकण्यापेक्षा उजळणी दिवसांवर विभागली तर कमी श्रमांत भागते, असे त्याला आढळले. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये खोक्याची पद्धत सुचवली: शब्द एकेका चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या पहिल्या कप्प्यात ठेवायचे, जो आठवला तो पुढच्या कप्प्यात सरकवायचा, जो विसरला तो पहिल्या कप्प्यात परत आणायचा, आणि मागचे कप्पे उशिरा-उशिरा उघडायचे. बुटांचे रिकामे खोके आणि पुठ्ठ्याचे चार तुकडे एवढ्यात हे साधते. चिठ्ठीवर मात्र शब्द आणि त्याचा अर्थ एवढेच लिहिल्यास ती यादीच होते. एका बाजूला तो शब्द जेथे भेटला ते संपूर्ण वाक्य, आणि दुसऱ्या बाजूला मूळ रूप, कुटुंबातील दोन-तीन शब्द, घरी त्यासाठी काही वेगळा शब्द असेल तर तो, आणि मुलाने स्वतः रचलेले एक वाक्य असावे. आठवड्याला दहा चिठ्ठ्या झाल्या तरी वर्षात पाचशेच्या आसपास शब्दकुटुंबे जमतात.

दुसरी बाजू भरताना शब्दकोश लागतोच, आणि तो शाळेच्या कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती असावा. दाते आणि कर्वे यांच्या संपादकत्वाखाली १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड आज इंटरनेटवर शोधता येतात, आणि त्याआधीचा जेम्स मोल्सवर्थ यांचा कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, तोही तेथे आहे. मोल्सवर्थ यांनी शब्द जमवताना पोथ्यांबरोबर बोलणाऱ्या माणसांच्या तोंडची भाषाही टिपली होती. बिबट्याच्या वाक्यावर थबकलेल्या मुलाने त्या कोशात ‘वावर’ शोधला, तर हिंडण्या-फिरण्याचा अर्थ त्याला मिळेल, आणि त्याच्या घरी रोज बोलला जाणारा शेताचा अर्थही तेथेच छापलेला दिसेल.